सोहळ्याला माणसं हवीत

४ जानेवारी

प्रिय मावशी,

तुला फोन केला की मागे भांड्यांचा एवढा खणखणाट असतो, की 'बरी आहेस ना' आणि 'ठेवते आता' यांच्यामध्ये काही मावतच नाही. म्हणून लिहिते आहे.

मला नोकरी लागली हे आईने कळवलंच असेल. आपल्या विभागाचं प्रसिद्धी मंडळ आहे ना, नदीकाठच्या जुन्या कचेरीत वरच्या मजल्यावर, तिथे. हुद्दा 'मनुष्यबळ व कार्यक्रम अधिकारी'. हुद्दा लांब आहे, टेबल आखूड आहे. टेबलाच्या एका बाजूला मी बसते आणि दुसऱ्या बाजूला मागच्या वर्षीची न वाटलेली माहितीपत्रकं बसतात. त्यांच्या मुखपृष्ठावर धबधबा आहे. तो आपल्याकडचा नाही हे छपाई झाल्यावर कळलं.

तर मंडळाने यंदा 'भूमिपुत्र पुनरागमन सोहळा' करायचं ठरवलं आहे. अध्यक्ष सभेत म्हणाले, "या मातीने रत्नं दिली, आणि रत्नं सगळी बाहेर गेली. एक दिवस तरी त्यांना परत आणू या." सोळा फेब्रुवारीला, बाटल्यांच्या कारखान्याच्या मोकळ्या मैदानावर. मंडप, भाषणं, सत्कार आणि जेवण.

तुझ्याकडे दोन कामं आहेत. पहिलं, तू राहतेस त्या शहरात आपल्याकडचं कोणी मोठं माणूस असेल तर कळव. सत्कारासाठी निकष ठरला आहे: 'जगभर नाव कमावलेला भूमिपुत्र'. दुसरं, तुमच्या एजन्सीकडून चाळीसेक माणसं हवी आहेत. स्वागताला, पाणी द्यायला, वाढायला, गाड्या लावायला. मी इथे शोधून पाहिलं. वीस ते चाळीस वयातलं माणूस म्हणजे मी, टपाल कचेरीतला कारकून आणि पंप दुरुस्त करणारा. त्याचाही सध्या पाय प्लास्टरात आहे.

माझी नेमणूक मार्चअखेरपर्यंत आहे. "सोहळा नीट पार पडू दे, तुला कायम करू," असं अध्यक्ष म्हणालेत. फार तळमळीचा माणूस आहे. कारखाना पूर्वी त्यांचाच होता म्हणे. तू तिथेच होतीस ना?

आई म्हणते, या निमित्ताने तरी ये. अठरा वर्षं झाली.

तुझी,
ठमी


११ जानेवारी

ठमे,

अधिकारीबाईंना मावशीचा सलाम. तुझं पत्र एका मेजवानीच्या मागच्या बाजूला, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून वाचलं. आमची एजन्सी कशालाही माणसं पुरवते. लग्नं, प्रदर्शनं, परिषदा. मागच्या महिन्यात एकाने वडिलांच्या अंत्ययात्रेला रडणारी माणसं मागितली. मालक तयार होते, पण दर ठरला नाही.

तुझ्या रत्नांबद्दल. आपल्याकडची मोठी म्हणावी अशी तीन माणसं इथे मला माहीत आहेत, कारण तिघांच्याही घरी मी वाढपी पाठवते. एक इमारती बांधतात. तुम्ही मूळचे कुठले, असं विचारलं की हवापाण्याचा विषय काढतात. दुसरी टीव्हीवर बातम्या देते. बोलण्यातला आपला हेल जावा म्हणून तिने वर्षभर शिकवणी लावली होती. तिसरे हृदयाचे डॉक्टर. ते येतीलही, पण एकदा बोलायला उभे राहिले की थांबणार नाहीत. पत्ते सोबत पाठवते.

तुमचे अध्यक्ष तळमळीचे आहेत हे वाचून करमणूक झाली. कारखान्यात आम्ही त्यांना बूच म्हणायचो. माल सगळा बाहेर जायचा, बूच तेवढं आत राहायचं. मग एक दिवस बुचाने कारखान्यालाच बूच मारलं. मजुरी स्वस्त होती तिकडे यंत्रं गेली, माणसं जमेल तिकडे गेली. कामावरून काढल्याच्या नोटिसा मी टाइप केल्या. मी त्यांची टायपिस्ट होते. शेवटची नोटीस माझी. तिच्यात एक वेलांटी चुकली, तर त्यांनी ती परत टाइप करायला लावली. माणूस शुद्धलेखनाला पक्का. तेव्हा ही रत्नं बाहेर कशी काय गेली, असा प्रश्न सभेत निघाला तर उत्तर त्यांच्याच खुर्चीत बसलेलं आहे. तू मात्र विचारू नकोस. तुला कायम व्हायचं आहे.

माणसं देईन. अटी साध्या आहेत: जायला-यायला बस, पाहुण्यांच्या आधी पोटभर जेवण, आणि बसायला खुर्च्या. खुर्च्या देतो म्हणणारे आयत्या वेळी सतरंजी दाखवतात. कोणाला पाठवायचं ते माझ्यावर सोड.

ताईला सांग, बघते.

मावशी


२३ जानेवारी

प्रिय मावशी,

इमारतीवाल्यांनी शुभेच्छा आणि स्वतःचा फोटो असलेलं कॅलेंडर पाठवलं. बातम्यांवाल्या बाईंच्या सेक्रेटरीने उलट विचारलं, "हा विभाग नक्की कुठे आला?" डॉक्टर आनंदाने तयार झाले. मग विमानतळापासून किती लांब, असं त्यांनी विचारलं. आमच्याकडे विमानतळ नाही असं कळवल्यापासून ते शस्त्रक्रियेत आहेत.

बाकी ठिकाणीही तीच गत. काल तातडीची बैठक झाली. खजिनदार म्हणाले, "निकष जरा सैल करू. 'जगभर' ऐवजी 'देशभर' म्हणू." ते केलं. तरी कोणी बसेना, तेव्हा 'नाव कमावलेला' खोडून 'सुस्थितीत असलेला' घातलं. चिटणीसांनी विचारलं, "सुस्थितीत म्हणजे काय समजायचं?" खजिनदार म्हणाले, "जो येण्याजाण्याचा खर्च स्वतः करील." तसाही कोणी निघाला नाही. शेवटी ठरलं: 'विभागाबाहेर राहणारा भूमिपुत्र'.

"आणि हयात," चिटणीस म्हणाले.

"हयात घाला," अध्यक्ष म्हणाले.

या निकषावर आत्तापर्यंत एक दातांचे डॉक्टर मिळाले आहेत. त्यांचा दवाखाना टोलनाक्याच्या पलीकडे आहे. घर अलीकडे आहे, पण ते आम्ही बोलत नाही.

प्रेक्षकांची सोय झाली. आजूबाजूच्या गावांतून म्हाताऱ्या मंडळींना बसने आणणार आहोत. जेवण आहे म्हटल्यावर सगळे हो म्हणाले.

आता तुझ्या माणसांचं. अध्यक्ष म्हणाले, "शहरातली माणसं आणताय, ठीक. पण चेहरे आपल्याकडचे वाटले पाहिजेत. पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला आला की त्याला मातीची आठवण झाली पाहिजे. त्या लोकांचा एक वर्ग घ्या. आपल्याकडचं बोलणं, वागणं जरा शिकवा." तेव्हा तुला तिथे असा वर्ग घेता येईल का? दोन-चार वाक्यं आली तरी पुरे.

आणि शेवटचं. रागावू नकोस. मंचावर खुर्च्या रिकाम्या राहतायत म्हणून मी तुझं नाव सुचवलं. नाव म्हणजे, 'माझी मावशी शहरात सुपरवायझर आहे' एवढंच म्हणाले. अध्यक्षांनी विचारलं, "कशाच्या?" मी म्हटलं, "मनुष्यबळाच्या." ते म्हणाले, "वा. मग घ्या की सत्कारात." त्यांनी तुला ओळखलेलं नाही. माझ्यासाठी हो म्हण.

ठमी


३० जानेवारी

ठमे,

रागावले नाही. हसताना हातातला ट्रे सांडला, एवढंच.

सत्कार नको. बूचसाहेबांच्या हातून मी एकदा एक कागद घेतला आहे, तेवढा जन्माला पुरला. शिवाय त्या दिवशी मी कामावर असणार. कामाच्या वेळेत मंचावर बसले तर मालकाला ओव्हरटाइम कशाचा लावू?

पण येईन. माणसांबरोबर, गणवेशात. ताईला म्हणावं, मैदानाच्या मागच्या फाटकाशी ये, स्वयंपाकाच्या बाजूला. पुढे भाषणं असतील, तिथे आपल्याला काय करायचंय.

वर्गाची गरज पडेल असं वाटत नाही. माझी माणसं चटकन शिकतात. दोन गोष्टी सांभाळ. त्यांना आदल्या दिवशी बोलावू नकोस, सकाळी बस थेट मैदानात येऊ दे. आणि छातीवर नावाचे बिल्ले नकोत, नुसते नंबर दे. नावं असली की पाहुणे उगाच गप्पा मारत बसतात.

मावशी


१३ फेब्रुवारी

मावशी,

घाईत आहे. मंडप उभा राहिला. खुर्च्या आल्या, तुझ्या माणसांच्यासुद्धा. मंचामागचा पडदा छापून आला, त्यावर परत तोच धबधबा आहे. दातांचे डॉक्टर नक्की येतायत. आईने ठेवणीतले कपडे धुऊन इस्त्री करून आणले आणि आरशापुढे उभी राहून मला विचारलं, "ओळखेल ना मला?" तू येते आहेस ना?

ठमी


१८ फेब्रुवारी

मावशी,

आधी 'प्रिय' लिहिणार होते, हात वळला नाही.

तुला तिथे बसून काय काय कळलं माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. बस वेळेवर आली. करड्या कोटातली चाळीस माणसं उतरली, तू सोडून. तुझ्या हाताखालची बाई म्हणाली, "मॅडमना काम निघालं." मला विचारायला वेळ नव्हता. मी अकरा नंबरच्या उंच मुलाला पाण्याचा नळ दाखवायला निघाले, तर मी सांगायच्या आत तो नळाकडे वळला. गाड्या लावणाऱ्याने गवतात झाकलेला जुना खड्डा बरोबर चुकवून पहिली गाडी आत घेतली. मला वाटलं, काय हुशार माणसं पाठवली आहेत. अध्यक्षही खूश. "चेहरे बघा," मला म्हणाले, "कोणी म्हणेल का बाहेरचे आहेत?"

मंचावर दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी मंडळाचे पदाधिकारी. खाली म्हातारी माणसं, मंडप भरलेला. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. "ही माती आज आपल्या लेकरांना हाक मारते आहे," असं त्यांचं चाललं होतं, आणि अकरा नंबर तिसऱ्या रांगेत पाणी देत होता. तिथे आपल्या शिवणवाल्या बाई बसल्या होत्या. त्यांनी पेला घेतला, अर्धा प्यायल्या आणि वर पाहिलं. ओरडल्या वगैरे नाहीत. एवढंच म्हणाल्या, "केस किती वाढवलेत."

तो म्हणाला, "आई, मी ड्यूटीवर आहे."

"मग कर ना ड्यूटी. मी कुठे अडवलंय?" असं म्हणून त्या उठल्या आणि त्याच्या मागोमाग चालायला लागल्या. तो पेले देत पुढे, त्या रिकामे पेले गोळा करत मागे. अशा दोन रांगा झाल्या. तोवर इस्त्रीवाल्यांनी गाड्या लावणाऱ्याला ओळखलं, तो त्यांचा थोरला. म्हाताऱ्या पोस्टमनना फुलं देणारी त्यांचीच मुलगी निघाली. मग कोण कोणाचं हे मला कळेनासं झालं. माणसं खुर्च्या सोडून एकेक करून मागच्या बाजूला जायला लागली. कनातीपलीकडून हसण्याचे, रडण्याचे, 'अगं हळू, रस्सा आहे हातात' असले आवाज.

अध्यक्षांना वाटलं जेवण लवकर सुरू झालं. त्यांनी माईकवर हात ठेवून मला बोलावलं. "लोकांना बसवा. स्वयंसेवकांना सांगा."

"साहेब, लोक स्वयंसेवकांनाच धरून बसलेत."

ते पुढे बोलत राहिले. लेकरांनो परत या, ही दारं उघडी आहेत, असं दातांच्या डॉक्टरांना उद्देशून. नंतर डॉक्टरही उठले, त्यांना भूक लागली होती. वर्तमानपत्राचा फोटोवाला तर केव्हाच मागे गेला होता.

आणि आई. ती सकाळपासून मागच्या फाटकाशी उभी होती. करड्या कोटातली बाई दिसली की दोन पावलं पुढे जायची आणि थांबायची. शेवटी बसमध्ये चढून सगळ्या सीट बघून आली, ड्रायव्हरला विचारून आली. त्या दिवशी तिथे प्रत्येकाचं कोणी ना कोणी आलं होतं, मावशी. तिचं नाही. मला म्हणाली, "काम निघालं असेल." आणि घरी येऊन कपडे घडी करून ठेवले.

तू हे मुद्दाम केलंस. योगायोग म्हणून सांगू नकोस, चाळीस योगायोग एका बसमध्ये मावत नाहीत. मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?

पुढचं ऐक. संध्याकाळी बस निघाली तेव्हा तीन माणसं कमी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरी उघडली तर ती तिघं जिन्यात बसलेली. शिवणवाल्या बाईंचा लंबू, इस्त्रीवाल्यांचा थोरला आणि पोस्टमनची मुलगी. अध्यक्ष आले. लंबू म्हणाला, "साहेब, तुम्ही काल म्हणालात परत या. आम्ही आलो. काय काम करायचं?"

अध्यक्षांनी तिघांशी हात मिळवले. मग म्हणाले, "आनंद आहे. पण त्याचं असं आहे, आमची योजना परत बोलावण्याची आहे. ठेवून घेण्याची योजना मंडळाकडे नाही."

आणि त्यांना हाकलावं तर आज वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो आहे: 'तीन भूमिपुत्र कायमचे परतले, मंडळाच्या हाकेला यश'. अध्यक्षांनी त्याच्या प्रती मागवल्या आहेत. तिघं अजून जिन्यातच बसतात.

ठमी


प्रसिद्धी मंडळ
'या, माती हाक मारते आहे'
२० फेब्रुवारी

प्रति, व्यवस्थापक, मनुष्यबळ पुरवठा संस्था

महोदय,
आमच्या पुनरागमन सोहळ्यासाठी आपण पुरवलेल्या कर्मचाऱ्यांपैकी तीन कर्मचारी (क्र. ११, १९ व ३४) कार्यक्रम संपल्यानंतरही आमच्या विभागात राहिलेले आढळले आहेत. या विभागावरील त्यांच्या प्रेमाबद्दल मंडळास अभिमान आहे. तरी ते विनाविलंब परत न्यावेत ही विनंती. तसेच, कर्मचाऱ्यांना सोहळ्यात व्यक्तिशः आनंद मिळाला असल्याने बिलात योग्य ती सूट मिळावी.
कळावे,
अध्यक्ष


२५ फेब्रुवारी

ठमे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना उभी नव्हते.

हो, मुद्दाम केलं. आमच्याकडे कामाला आपल्याकडचे किती आहेत हे मालकालाही माहीत नाही. मला माहीत आहे, कारण ते माझ्याकडे येतात तेच 'मॅडम, आपण एकाच बाजूचे ना' असं विचारत. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी ठरवलं. मोठी माणसं यायची नाहीत हे दिसतच होतं. म्हटलं, येऊ देत की बुचाची खरी रत्नं, ट्रे घेऊन. त्याच्या भाषणाच्या वेळी त्याची फजिती व्हावी एवढंच डोक्यात होतं. तुला सांगितलं असतं तर तुझ्या चेहऱ्यावर दिसलं असतं, तू लहानपणापासून अशीच आहेस. त्या फजितीतलं काही तुझ्या टेबलावर सांडेल, हा विचार मात्र केला नाही. चाळीस माणसांच्या जेवणाचा विचार करणारी बाई, एका भाचीचा विसरली.

आता दुसरं. मला काम निघालं नव्हतं. मी बसमध्ये बसले होते, ड्रायव्हरच्या मागे. रात्रभराचा प्रवास, पण कोणी झोपलं नाही. मुलं गात होती. सकाळी टोलनाका आला, आणि मी ड्रायव्हरला म्हटलं, थांबव. उतरले आणि समोरून येणाऱ्या पहिल्या गाडीने परत फिरले. का, ते नीट सांगता येत नाही. नोटीस मिळाली तेव्हा ताई म्हणाली होती, इथेच राहा, दोन घास कमी खाऊ. मी म्हटलं, तुझ्यावर भार होणार नाही, आणि निघाले. मग ती दर वर्षी विचारायची, कधी येतेस, आणि मी म्हणायचे, बघते. अठरा वर्षं नुसतं बघणाऱ्या माणसाला समोर उभं राहायची वेळ आली की भीती वाटते गं. तिला सांगू नकोस. किंवा सांग. मला ठरवता येत नाही.

तुझ्या अध्यक्षांचं पत्र मालकांनी माझ्याकडे उत्तराला दिलं. मी लिहिलं आहे: 'महोदय, आमची संस्था माणसं पुरवते, माणसं बाळगत नाही. सदर तिघं आपल्या हाकेला ओ देऊन आले असल्याने ते आता आपले आहेत. आनंदाबद्दल सूट देण्याची पद्धत नाही. तशी असती तर आपलं भाषण ऐकल्याबद्दल जादा आकार लावावा लागला असता.' शेवटचं वाक्य मालकांनी खोडलं. तुला कळावं म्हणून लिहिते.

मावशी


८ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, सगळं. टोलनाक्याचं आलं तेव्हा ती म्हणाली, "परत वाच." मी वाचलं. मग उठून गॅसवरचं दूध बघायला गेली. गॅसवर दूध नव्हतं.

इथलं सांगते. तिघं रोज जिन्यात. शिवणवाल्या बाई दुपारी डबा घेऊन येतात आणि चौघं धबधब्याच्या गठ्ठ्यांवर बसून जेवतात. वर्तमानपत्रवाला दर दोन दिवसांनी विचारायला येतो, भूमिपुत्रांचं पुढे काय झालं. म्हणून परवा अध्यक्षांनी मला बोलावलं. फार गोड बोलत होते.

"मंडळात एकाच माणसाच्या पगाराची सोय आहे," म्हणाले. "तुला कायम करायचा शब्द मी दिला होता, तो मोडणार नाही. पण तीच रक्कम या तिघांत अर्धवेळ म्हणून वाटता येईल, असंही खजिनदार म्हणतात. मनुष्यबळ अधिकारी तू आहेस. तूच ठरव. मंडळ तुझ्या निर्णयात पडणार नाही."

तेव्हा मला कळलं, फजिती फक्त आपण करतो असं नाही. तिघांना मी घालवलं की वर्तमानपत्रात माझं नाव येणार आणि अध्यक्ष हळहळणार. मी उद्या सांगते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिना चढताना लंबू उठून उभा राहिला आणि वाट देत म्हणाला, "मॅडम, घरी आता सांगितलंय की नोकरी लागली. खोटं आहे, पण आई रात्री झोपायला लागलीय." मी वर गेले आणि तीन नेमणूकपत्रं केली. 'मनुष्यबळ अधिकारी' म्हणून खाली तीनदा सही केली. मी काही फार थोर नाही, मावशी. सही करताना हात स्थिर होता, घरी येऊन मनसोक्त रडले, आणि आईवर उगाच चिडले.

अध्यक्षांनी कागद वाचले आणि म्हणाले, "स्तुत्य." मग त्यांनी वार्षिक अहवालाचा मजकूर सांगायला सुरुवात केली. तो मीच लिहून घेतला: 'यंदा विभागात तीन भूमिपुत्र परत आले.' मी विचारलं, एक मार्चअखेर बाहेर जाते आहे, ते घालू का? ते म्हणाले, "ते पुढच्या वर्षात धरू."

तर मला तुझ्याकडे काम मिळेल का? वाढता येतं, हिशेब येतो, खुर्च्या मोजता येतात, आणि माणसांना बसवायचं काम सोडून बाकी सगळं जमतं.

आईचा निरोप जसाच्या तसा देते: "तिला म्हणावं, पोरीला न्यायला तरी ये. सत्काराला नाही बोलवत. कामाला नाही बोलवत. नुसती ये."

ठमी


१३ मार्च

ठमे,

तुझ्या सहीमुळे माझ्याकडे तीन जागा रिकाम्या झाल्या आहेत. त्यातली एक तुझी. पहिले पंधरा दिवस पाय दुखतील, नंतर पाय आहेत हेच विसरशील. खोलीत खिडकीजवळची खाट तुला. ती मी झाडून ठेवली आहे.

अहवाल मनावर घेऊ नकोस. बुचाला आत काय आहे ते कधीच दिसत नाही.

रविवारच्या गाडीने येते आहे. आठ दिवसांची रजा टाकली. मालकांनी विचारलं, कोणाचं लग्न? म्हटलं, कोणाचं नाही, बहिणीकडे जाते आहे. एवढी साधी रजा इतक्या वर्षांत मागितली नव्हती, म्हणून त्यांनी माझी तब्येत विचारली.

सोहळ्याला भाड्याने घेतली होती तीच गाडी आहे, ड्रायव्हरही तोच. त्याला सांगून ठेवलं आहे, टोलनाक्याला बाई काहीही म्हणाली तरी दार उघडू नकोस.

ताईला सांग, स्टँडवर येऊ नको. फाटकाशी उभी राहू नको. घरातच बस. मला यायला उशीर झाला तरी बस. दार वाजवायचं काम या वेळी माझं आहे.

मावशी